दोन लोटगाड्यांचा रस्ता

द्वारकाकाकू खेरडे अडाणी होत्या असं माझ्यासमोर कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, हे खरं. सही करायला घेतली की अर्धा चहा थंड व्हायचा, हेही खरं. पण आमच्या नगरपरिषदेत जे शिकलेसवरलेले होते, त्यांच्यातल्या एकालाही पाच वर्षांत जे जमलं नाही ते या बाईने केलं. त्या शिकलेल्यांमध्ये मीही आलोच.

माझी नोकरी आरेखकाची. नकाशे काढायचे, साहेबांनी सांगितलेली रेघ ओढायची आणि कोणी काही विचारलं तर 'साहेबांना विचारा' म्हणायचं. मूळचा मी अकोल्याचा. बदल्या होत होत दर्यापूर आणि अंजनगावच्या अधल्यामधल्या एका गावी येऊन पडलो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर दोघंतिघं आजही माझ्या घरी भांडायला येतील, आणि या वयात मला ते झेपणार नाही.

त्या गावात भाजीबाजाराला गुजरी म्हणतात. गुजरीच्या मागे, नाल्याच्या काठाने, चाळीसेक घरांची वस्ती होती. सगळी भाजी पिकवणारी आणि विकणारी माणसं. लोकांच्या तोंडी तिचं नाव मळेपुरा आणि आमच्या कागदावर 'गुजरीमागील अतिक्रमण'. काकू तिथल्याच. हातगाडीला तिकडे लोटगाडी म्हणतात, तशी लोटगाडी घेऊन त्या तीस वर्षं गावभर हिंडल्या होत्या. कोणत्या घरात वांगं चालत नाही, कोणत्या सुनेला दिवस गेलेत आणि कोणाकडे पाहुणे आलेत हे त्यांना त्या घरच्या माणसांच्या आधी कळायचं.

वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा तिथल्या पुढाऱ्याने काकूंना उभं केलं. 'गरीब बाई आहे, सहीपुरती बरी' असा त्याचा हिशेब. आमच्याकडे बाई निवडून येते आणि खुर्चीवर नवरा बसतो, ही रीत काही लपलेली नाही. काकूंचे यजमान महादेवराव पहिल्या दिवशी सोबत आले, तर आमच्या बड्या बाबूने, म्हणजे हेडक्लार्कने, लगबगीने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. महादेवराव खुर्चीकडे पाहून म्हणाले, "मले वांगे तोडाले जा लागते जी," आणि निघून गेले. ते पुन्हा कचेरीत दिसले नाहीत.

काकूंच्या बोटांना कायम मेथीचा हिरवा रंग असायचा. हातांना जुड्या बांधायची इतकी सवय की सभेत बसल्या बसल्या त्या विषयपत्रिका गुंडाळायच्या आणि कमरेच्या पिशवीतून केळीचं सोपट काढून तिला गाठ मारायच्या. वर्षाच्या शेवटी त्यांच्या घरी खुंटीला अशा जुड्यांची माळच लोंबत होती. लोक हसायचे. पण कोणत्या सभेत काय ठरलं हे विचारलं की त्या बरोबर तीच जुडी सोडून काढायच्या.

त्यांचा आम्हाला आणखी एक छळ होता. कागद पुढे आला की म्हणायच्या, "वाचून दाखव." वाचला की म्हणायच्या, "म्हंजे काय?" पहिल्याच आठवड्यात बड्या बाबूने एक फाइल आणली. सदर जोडणी निष्कासित करणेकामी मंजुरी प्रदान करण्यात यावी, असं काहीतरी होतं.

"म्हंजे काय?"

"म्हणजे जोडणी खंडित करण्याचा प्रस्ताव आहे, काकू."

"म्हंजे काय?"

बाबूने आणखी दोन वेळा दुसरे शब्द लावून पाहिले. शेवटी वैतागून म्हणाला, "गुजरीतला नळ तोडायचा आहे!"

"असं सांग ना मंग बाप्पा. नाई तोडा लागत." आणि काकूंनी पेन त्याच्या खिशात परत खोचून दिलं. त्या दिवसापासून कचेरीत त्यांच्यापुढे कागद न्यायचा म्हणजे आधी तो स्वतःला समजून घ्यावा लागायचा, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांची तिथेच पंचाईत व्हायची.

मग घरकुलाची पाहणी आली. कोणत्या घराला पक्कं बांधायला मदत मिळणार ते या पाहणीवरून ठरायचं. बाहेरच्या एका एजन्सीचे दोघं जण टॅब घेऊन दारोदार फिरले. वऱ्हाडाशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि त्यांच्या यादीतला पहिलाच प्रश्न होता, 'घर स्वतःचं आहे का?'

आता आमच्याकडे दारात आलेल्या माणसाने 'हे घर तुमचं का?' असं विचारलं तर काय उत्तर देतात, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल. "तुमचंच हाय जी! या, बसा!" अख्ख्या मळेपुऱ्याने तेच उत्तर दिलं, वर चहाही पाजला. त्या दोघांनी चहा प्यायला आणि प्रत्येक घरापुढे लिहिलं, 'स्वतःचे नाही'. एका म्हाताऱ्याने हात जोडून "देवाचं हाय बापा" म्हटलं, तर त्याच्यापुढे 'देवस्थानची जागा' अशी नोंद झाली.

यादीखाली 'तपासले' म्हणून सही माझी होती. मी वऱ्हाडातलाच. हेच वाक्य मी स्वतः हजार वेळा बोललोय. तरी मी यादी न वाचता सही ठोकली, कारण चार वाजले होते आणि मला अकोल्याची बस धरायची होती.

त्या एका रकान्याने कागदावर सगळं कसं गुळगुळीत झालं ते सांगतो. मळेपुऱ्यात कोणाचंच घर नाही, म्हणजे तिथे घरकूल देता येत नाही. पण माणसं बेघर आहेत, म्हणजे गावाबाहेर माळावर ज्या तीन मजली इमारती उभ्या राहत होत्या त्यात त्यांना फ्लॅट मिळू शकतात. आणि माणसं तिकडे गेली की गुजरीमागची जागा मोकळी. तिथे व्यापारी संकुल बांधायचं नगराध्यक्षांच्या मनात फार दिवसांपासून होतं. कोणी कोणावर अन्याय केला असं कुठेच दिसत नव्हतं.

यादी फलकावर लागली त्या दिवशी काकू माझ्या टेबलापाशी आल्या. मला त्या 'नकशेवाले भाऊ' म्हणायच्या.

"नकशेवाले भाऊ, हे सही तुमची?"

"हो, काकू."

"तुमी आमच्या घरी चहा पेले ना मांगच्या दिवाईले?"

"हो."

"तवा मी तुमाले काय म्हणलं होतं? तुमचंच घर हाय म्हणलं होतं ना?"

"हो..."

"मंग तवाच काहून नाई करून घेतलं नावावर?"

सगळी कचेरी ऐकत होती. कोणी हसलं नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फेरपाहणीचं पत्र काकूंनी मुख्याधिकाऱ्यांकडून त्याच दुपारी काढलं. साहेब तरुण होते, मनाने चांगले, पण घाबरट. पत्र मिळेपर्यंत काकू त्यांच्या खोलीतून हलल्या नाहीत. आता मळेपुऱ्यातल्या बायकांना 'माझं घर आहे' एवढं म्हणायला शिकवायचं होतं, आणि ते पत्र मिळवण्यापेक्षा अवघड निघालं. संध्याकाळी निंबाखाली सगळ्या बसल्या. काकू म्हणाल्या, "म्हणा, माहं घर हाय." सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "माहं नाई काकू, यायचं हाय," आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. काकू कडाडल्या, "यायचं कायचं? शेणानं कोन सारवते? तू का थे? म्हण, माहं!" तीन संध्याकाळी हाच पाठ चालला. कागदावर नवराबायको दोघांचीही नावं लागली पाहिजेत, हे काकूंनी तिथेच ठरवून टाकलं.

या खेपेला फॉर्म घेऊन मी स्वतः गेलो. पहिलीच म्हातारी मला पाहून ओरडली, "माहं घर हाय!" शेजारची कुत्री भुंकायला लागली इतकी जोरात. मी 'होय' लिहून पेन बंद केलं तसा तिचा जीव भांड्यात पडला आणि ती म्हणाली, "बसा जी आता. तुमचंच हाय."

पुराव्याला काकूंनी एक पोतं आणून साहेबांच्या टेबलावर पालथं केलं. घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, शाळेचे दाखले. चाळीस वर्षांमागच्या दाखल्यावरही पत्ता होता 'मळेपुरा'. साहेब म्हणाले, "हे मालकीचे कागद नाहीत, काकू."

"राह्याचे तं हायेत ना? तुमाले आमी राह्यतो हे दिसते ना याच्यात?"

साहेबांनी तरी एकदा माळावरची घरं पाहून घ्या असा आग्रह धरला. सगळे सदस्य गाड्यांनी गेले. काकू आणि महादेवराव मात्र वांगी-कोबीने भरलेली लोटगाडी ढकलत तिथवर आले. कोसभराचा रस्ता, वर ऊन. काकूंनी गाडी जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकवली आणि घाम पुसला.

"तिसऱ्या माळ्यावर देता ना साहेब आमाले? चढवा हे गाडी."

साहेब हसले. "गाडी खाली ठेवायची, काकू."

"खाली कोन राखीन? दिवस उगवायच्या आंधी भाजीवर पानी मारा लागते. वरून मारू? अन् गुजरी इथून कोसभर. येता-जाता माल सुकला तं घेनार कोन, तुमी?"

एका सदस्याने मोबाइल काढून पाहायला सुरुवात केली. काकूंनी वर जाऊन फ्लॅट नीट पाहिला, नळ सोडून पाहिला, फरशीवरून हात फिरवला. खाली येऊन म्हणाल्या, "घर वाईट नाई जी. लय चांगलं हाय. ज्याले सायकलवर डबा घेऊन कामाले जा लागते त्याले द्या, त्याचीबी गरज हाय. आमाले नोका देऊ. आमाले हाय तठीच जागा द्या, आमच्या नावानं. अन् दोन लोटगाड्या एकमेकीले ओलांडतीन एवढा रस्ता द्या. घर आमी बांधतो."

"ते कायद्यात बसवावं लागेल, काकू," साहेब म्हणाले.

"बसवा. तुमाले त्याच्यासाठीच तं बसोलं हाय खुर्चीवर."

मला वाटतं साहेब त्या दिवशी बदलले. दुसऱ्या दिवसापासून ते शासनाचे जुने आदेश काढून वाचू लागले, आणि वाचायला बसलं की सापडतं. राहती जागा राहणाऱ्याच्या नावाने पट्टा करून देता येते, छोट्या घराला बांधकाम परवानगीचं शुल्क माफ करता येतं, पालिका स्वतःच तयार नकाशे देऊ शकते म्हणजे गरिबाला नकाशासाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही. हे सगळं आमच्याच कपाटात होतं. मी तीन नमुना नकाशे काढले. काकूंनी तिन्ही नापास केले. स्वयंपाकघराची खिडकी मी मागे काढली होती, आणि मागे खिडकी असली की पुढची लोटगाडी कोण पाहणार? खिडकी पुढे आली, ओटा रुंद झाला, त्यावर गाडीपुरतं छप्पर आलं.

तेवढ्यात नगराध्यक्षांनी सभेची तारीख लावून संकुलाचा विषय पत्रिकेवर घेतला. सगळ्यांना वाटलं आता काकू उपोषणाला बसणार. पत्रकारही येऊन गेले. काकूंनी काहीच केलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी गावात एकही लोटगाडी फिरली नाही आणि गुजरीतले ओटेही रिकामे राहिले. मळेपुऱ्याच्या तोंडाशी खडूने लिहिलेली पाटी होती : 'भाजी घरी मिळेल. या.'

पहिल्या दिवशी गाव हसलं. दुसऱ्या दिवशी बटाट्यावर भागवलं. तिसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन बायका निघाल्या. जन्मभर ज्यांच्या दारात भाजी येत होती त्या पहिल्यांदा भाजीच्या दारात गेल्या. कोणाला खाटेवर बसवलं, कोणाला चहा दिला. सारवलेली अंगणं, तारेवर वाळणारे शाळेचे गणवेश, ओल्या पोत्याखाली झाकलेला पालक, सगळं त्यांनी पाहिलं. नगराध्यक्षांच्या आईही आल्या. बराच वेळ बसल्या. जाताना मेथीची जुडी घेत म्हणाल्या, "द्वारके, अतिक्रमन अतिक्रमन म्हनते आमचा पोट्टा, थे हे होय? हे तं घरं हायेत वं!"

सभेत नगराध्यक्ष जरा मवाळच होते, पण हटले नव्हते. म्हणाले, "मला सहानुभूती आहे. पण आज एक अतिक्रमण नियमित केलं तर उद्या सगळं गाव रांगेत उभं राहील."

काकू उठल्या. हातातल्या जुडीची गाठ सोडली, पण कागदाकडे पाहिलं नाही.

"अध्यक्षसाहेब, गावाले भाजी पाह्यजे होती तवा माह्या सासऱ्याले याच पालिकेनं सांगतलं का नाल्याकाठी राहा, मळा करा. तवा आमी वस्ती होतो. आता जागेले भाव आला तं आमी अतिक्रमन झालो. आमी तं जागचे हाललो नाई जी. तुमचा शबद हालला. अन् लागू द्या की गावाले रांगेत. घर नसन त्यानं घर मांगू नाई तं काय मांगावं?"

हात वर झाले. बाबूने दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा त्याचा स्वतःवर विश्वास बसला नाही. मळेपुरा जागीच राहील, जागा नावावर होईल, असा ठराव झाला. वरून मंजुरी यायला दीड वर्ष गेलं, त्यात काकूंनी जिल्ह्याच्या ठिकाणी किती खेपा घातल्या ते एस. टी.लाच ठाऊक. पण पट्टे आले. दोघांच्या नावाने आले.

आता रस्ता आखायचा होता. सहा मीटर, दोन लोटगाड्या आरामात जातील आणि वेळ पडली तर आगीचा बंबही. मी मोजणी केली, नकाशावर रेघ ओढली आणि ती सरळ काकूंच्या स्वयंपाकघरातून गेली. मी दोन दिवस ती रेघ पाहत बसलो. मग तेवढ्यापुरती जराशी बाहेर वळवली. कोणाला कळलंही नसतं.

काकूंनी नकाशा हातात घेतला आणि त्या जागी बोट ठेवलं. "हिचं पोट काहून सुटलं इथी?"

"काकू, तुमचं घर वाचतं. दोन-चार हातांचा प्रश्न आहे."

"सिधी करा."

"तुम्ही सदस्य आहात, तुम्हाला घरकूल मिळणार नाही. पाडलेलं पुन्हा बांधणार कशाने?"

"मांगं दोन खोल्या राह्यतात ना. आज माह्यासाठी पोट सुटलं तं उद्या मोऱ्यायच्या घरापाशी सुटते, परवा अजून कोनाच्या. मंग दोन गाड्या अडतात, अन् चाळीस घरायची भांडनं होतात. सिधी करा, भाऊ."

महादेवराव शेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "चूल जाते." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी रेघ सरळ केली. मला त्या बाईचा भयंकर राग आला होता, आणि तिच्या पायाही पडावंसं वाटत होतं. यातलं मी काहीच केलं नाही.

भिंत पाडली तेव्हा मी रजा काढून अकोल्याला गेलो होतो. मुद्दाम. परत आलो तर माझ्या बदलीचा कागद आला होता. गाव सोडायच्या आदल्या सकाळी मळेपुऱ्यात गेलो. मुरमाचा नवा रस्ता, दोन्ही बाजूंना घरांचे पाये खणलेले, विटांच्या ढिगांमुळे सध्या दोनच गाड्यांपुरती उरलेली वाट, आणि गुजरीकडे निघालेल्या लोटगाड्या. काकू आपल्या उरलेल्या घराच्या कच्च्या विटांच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

गाड्या येत होत्या आणि काकूंच्या घरासमोर आल्या की थोडं वळण घेऊन पुढे जात होत्या. रस्त्यात खड्डा नव्हता, दगड नव्हता. मला आधी कळेना. मग लक्षात आलं की चूल होती ती जागा सगळे चुकवत होते. आमच्याकडे चुलीच्या जागेवर कोणी पाय ठेवत नाही. त्या वळणामुळे समोरून येणारी एक गाडी अडली, मागे दोन थांबल्या.

"काहून वळसा घेतं वं शांते?" काकू ओरडल्या. "सिधी ने!"

"काकू, तठी तुमची चूल होती..."

"होती ना. आता रस्ता हाय. सिधी ने!"

शांता दांडा धरून तशीच उभी. तिच्याने पाऊल उचलेना. काकू भिंत सोडून रस्त्यावर आल्या, तिच्या हातातून दांडा घेतला आणि टोमॅटोने भरलेली ती गाडी सरळ लोटली. चाकं त्या जागेवरून गेली. काकूंनी खाली पाहिलं नाही. समोरची गाडी बाजूने आली आणि दोन्ही गाड्या एकमेकींना न लागता निघून गेल्या. त्यांच्यामागची प्रत्येक गाडी मग सरळच गेली.

काकू परत भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. शेवटची गाडी दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले, मी पाहतोय हे त्यांना दिसलं, आणि त्या माझ्यावरच खेकसल्या, "धूळ लय हाय इथी, नकशेवाले भाऊ. डांबर कवा टाकता?"